शिदोरी की सिदोरी

सायबर पोलीस ठाणे, अमरावती

मी श्रीमती गीतांजली गजेंद्र वानखडे, वय ६३ वर्षे, निवृत्त शिक्षिका, सध्या ‘शिदोरी’ या संस्थेची सचिव, राहणार कॅम्प, अमरावती, आज बुधवारी स्वतः ठाण्यात येऊन हवालदार जानराव तायडे यांच्यासमोर, त्यांनी विचारल्याप्रमाणे, सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे यजमान हयात नाहीत. धारणी, चांदूर बाजार या बाजूंनी अमरावतीच्या दवाखान्यांत रोग्यांसोबत येणाऱ्या नातेवाइकांना दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून आम्ही काही बायकांनी मिळून ही संस्था सुरू केली. आता आम्ही हृदयाला छिद्र असलेल्या लहान मुलांना नागपूरला नेऊन त्यांची मोफत शस्त्रक्रियाही करवून आणतो. गाडी आमची असते, सोबत आमची बाई असते. आम्ही कोणाचीही कागदपत्रे मोबाइलवर मागवत नाही.

संस्थेचे नाव कोणी ठेवले असे विचारल्यावरून सांगते की, ते मी ठेवले. माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. घरी आलेला कोणीही गाडीला निघाला की माझी आई ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून त्याच्या हातात देत असे. ओळखीचा असो वा नसो. ती अकोटकडची होती. ती त्याला सिदोरी म्हणत असे. मीही तसेच म्हणत होते. पुढे मला कॉन्व्हेंटमध्ये घातले. तिथे सिस्टरनी समुद्रकाठच्या शिंपल्यांचे ‘शी सेल्स सी-शेल्स’ हे इंग्रजी वाक्य रोज प्रार्थनेनंतर म्हणायला लावून माझा ‘स’ आणि ‘श’ वेगळा केला. ही माहिती जबाबात नको, असे हवालदार म्हणाले. ती तक्रारीशी संबंधित असल्याने लिहून घ्यावी अशी मी विनंती केली.

आमची वेबसाइट संस्थेचे संगणकाचे काम पाहणारे कुलदीप यांनी तयार केली. तिच्या नावात इंग्रजी एस आणि एच अशी दोन्ही अक्षरे आहेत. नुसत्या एसचे नाव आम्ही घेतले नव्हते. तसे कोणी लिहील असे आम्हाला वाटले नाही.

चांदूर बाजार तालुक्यातील एका गावच्या मैनाबाई इंगळे यांची नात पिंकी, वय ९ वर्षे, हिची तपासणी आमच्या शिबिरात झाली होती. तिला आई नाही. वडील ललित हे अकोल्याला दाल मिलमध्ये कामाला आहेत. पिंकीला शस्त्रक्रियेसाठी शुक्रवारची तारीख मिळाली असून गुरुवारी दुपारपर्यंत नागपूरला दाखल व्हायचे आहे. ही तारीख गेली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि आता थांबणे या मुलीला परवडणारे नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे.

तयारीसाठी दोन दिवस आधीच तिला अमरावतीला आणून ठेवावे म्हणून काल मंगळवारी मी संस्थेच्या गाडीने तिच्या गावी गेले. शिबिराला मी नव्हते, त्यामुळे मैनाबाई मला ओळखत नव्हत्या. त्यांनी दारातच विचारले, “कोन तुमी?”

मी म्हणाले, “शिदोरीतून आले आहे. पिंकीला न्यायला.”

“कायतून?”

“शिदोरीतून.”

त्या शेजारणीकडे पाहून हसल्या. मग मला म्हणाल्या, “बाई, चोरी कराची त नाव तरी नीट घ्या. सिदोरी म्हनतेत त्याले. आमच्या इथं लेकराले बी येते म्हन्ता.”

मी ओळखपत्र दाखवले. कार्ड तर कोणीही छापून आणते, असे त्या म्हणाल्या. शिबिराचा कागद दाखवला. तो त्यांनी हातात घेतला नाही. गावात लेकरं पळवून न्यायला अशाच चांगल्या साडीतल्या बाया येतात, असे शेजारीण म्हणाली. मी आवाज चढवला नाही.

पिंकी आजीच्या मागे उभी होती. तिने इस्त्रीचा फ्रॉक घातला होता आणि दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. आज सिदोरीची गाडी येणार असे तिला घरून सांगण्यात आले होते. आमची गाडी परत फिरली तेव्हा ती ओट्यावर येऊन रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पाहत होती. गाडी थांबवायला मी ड्रायव्हरला सांगितले नाही.

वाटेत मी ललित यांना फोन लावला. त्यांना लिहायला वेळ लागतो, म्हणून ते मोबाइलमध्ये बोलून शोधतात. शिबिरानंतर ‘सिदोरी अमरावती’ असे ते मोबाइलला बोलले. जी वेबसाइट उघडली तिथे त्यांनी पिंकीचा फोटो, आमच्या गाडीचा वार लिहिलेले तिचे तपासणीचे कागद आणि स्वतःचे आधार कार्ड पाठवले. त्यांना उत्तर आले की मुलीची नोंद झाली, मंगळवारी गाडी येईल. आमच्या नावासारखे नाव सांगणारे लोक आले तर त्यांच्यासोबत पाठवू नये, पाठवल्यास नोंद रद्द होईल, असेही त्यात होते. मी आमचीच गाडी खरी असल्याचे सांगितले. ललित म्हणाले, “मॅडम, तेबी असंच सांगतेत. मी कोनाचं आइकू?” मंगळवारी तिकडून कोणतीही गाडी आली नाही.

घरी येऊन मी कुलदीप यांच्यासोबत ती वेबसाइट पाहिली. तिचे नाव नुसत्या एसने आहे. बाकी रंग, चिन्ह, मजकूर आमचाच आहे. आमच्या स्वयंपाकघराचा फोटो आहे, त्यात पोळ्या लाटताना माझी पाठ दिसते. पहिल्या पानावर पिंकीचा फोटो असून त्याखाली परदेशातील लोकांकडे तिच्या नावाने मदत मागितली आहे. फोटोत ती हसत आहे. शेवटी ‘नकली संस्थांपासून सावध राहा’ अशी सूचना आहे व त्याखाली नकली म्हणून आमच्याच कार्यालयाचा फोन नंबर दिला आहे. या पानांच्या छापील प्रती मी हजर करते.

कुलदीप यांनी ते नाव विकणाऱ्या कंपनीकडे त्याच दिवशी तक्रार केली. कंपनीने उत्तर दिले की दोन्ही नावांचे स्पेलिंग वेगळे असल्याने ते दोन वेगळे शब्द दिसतात. एकच असल्याचे दाखवावे व पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडावी. जगातल्या काही मोठ्या मदत संस्थांची नावे कोणालाही घेता येऊ नयेत म्हणून आधीच राखून ठेवलेली असतात, असे मला कुलदीप यांनी सांगितले. आमचे नाव तितके मोठे नाही. आमचे नाव भाकरीचे आहे.

म्हणून सांगते की हे दोन शब्द नाहीत. मी शिकले म्हणून शिदोरी म्हणते. ज्यांच्यासाठी संस्था आहे ते सिदोरी म्हणतात. एस-एच लावून असो वा नुसत्या एसने, ते नाव आमचे आहे, आणि आमच्यापेक्षा जास्त त्यांचे आहे. नुसत्या एसचे नाव घेणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती. तो कोण हे मला माहीत नाही, पण तो याच भागातला असावा असा माझा संशय आहे. बाहेरच्याला हे सुचले नसते.

माझ्या विनंतीवरून आज हवालदार तायडे यांनी ठाण्यातून मैनाबाईंच्या शेजारणीच्या मोबाइलवर फोन केला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे बोलणे मी ऐकले. ते म्हणाले, “मैनामाय, मी अमरावतीच्या पोलीस ठाण्यातून हवालदार बोलून राह्यलो. काल आल्या होत्या ना बाई, त्याच खऱ्या सिदोरीवाल्या हायेत.”

मैनाबाई म्हणाल्या, “काहून? काल त शिदोरीवाल्या होत्या.”

“एकच हाय माय ते.”

“पोलीस बी नकली निंगतेत आता. मोबाइलवरच सांगतेत तसं.”

“मंग काय करू, तुमीच सांगा.”

मागे पिंकीच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “वर्दी घालून या. आमच्या गावचा पोलीस पाटील संगं आना. मंग पाहू.”

त्याप्रमाणे उद्या गुरुवारी सकाळी हवालदार तायडे यांनी गणवेशात आमच्या गाडीसोबत यावे, अशी माझी विनंती असून ठाण्याच्या साहेबांनी तिला मंजुरी दिली आहे. पोलीस पाटलांना निरोप गेला आहे. गाडीत भाकर आणि ठेचा ठेवण्यास मी स्वयंपाकघरात सांगितले आहे. पिंकी गाडीत बसेल की नाही, हे आज मला सांगता येत नाही.

ती वेबसाइट ताबडतोब बंद व्हावी, तिच्यावरील पिंकीचा व आणखी कोणा मुलांचे असतील तर त्यांचेही फोटो काढले जावेत, आणि ज्यांनी तिथे नोंद केली आहे त्यांना शोधून कळवले जावे, एवढे माझे म्हणणे आहे. तीही लेकरे कुठल्या तरी ओट्यावर गाडीची वाट पाहत असतील.

माझा हा जबाब संगणकावर टंकून हवालदार तायडे यांनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. कागदावर जिथे शिदोरी आहे तिथे आणि जिथे सिदोरी आहे तिथेही त्यांनी सिदोरी असेच वाचले. मी कोठेही दुरुस्ती सांगितली नाही. जसा वाचला तसा तो बरोबर आहे.

सही
(श्रीमती गीतांजली गजेंद्र वानखडे)