लक्ष्मणमामाची दोन मिनिटं

मी मूळची पिशोरची. कन्नड तालुक्यातलं पिशोर, बाजाराचं गाव. आमचं घर बौद्धवाड्यात, विहाराच्या पाठीमागं, वडील दुसऱ्याच्या रानात कामाला, पण शिक्षण म्हणलं की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. शहरात आले अन कॉलेजची इमारत दिसली की रस्त्यावरच चप्पल काढायचे, खरंच सांगते, लोक हसायचे. मला चौथीतून काढलं, का तर धाकट्या भावंडांना कोण बघायचं, त्याचं दुःख त्यांनी मरेपर्यंत धरलं. तर माझा नवरा वारला अन मी लेकराला काखेत घेऊन औरंगाबादेत आले, आता संभाजीनगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात जुनंच बसलंय, अन मला एका कॉलेजात शिपायाची जागा मिळाली. तवा वडील म्हणले, द्वारका, झाडूच मारायचा तर कॉलेजात मारायला मिळायलाय, नशीबवान हायेस. आज ते असते ना, तर मी त्यांना गेटावरूनच परत पाठवलं असतं. चप्पल घाला पायात म्हणलं असतं.

काम काय म्हणता, काम नोटीस फिरवायचं. लाल पुठ्ठ्याची एक वही असती, त्यात नोटीस चिकटवलेली, ती घेऊन वर्गावर्गात जायचं, सर शिकवायचं थांबवतेत, मोठ्यानं वाचून दाखवतेत, सही करतेत, मंग पुढचा वर्ग. सगळं फिरून झालं की एक कागद काचेच्या बोर्डात टाचायचा. आता मोबाईलवर सगळ्यांना आधीच येतं, तरी वही फिरतीच, का तर सही लागती.

हे सगळं मला लक्ष्मणमामानं शिकवलं. लक्ष्मणमामा आमचा जुना शिपाई, हर्सूलचा, तळ्याकडं त्याचं दोन खोल्यांचं घर. घंटा त्याच्याकडं. पोर्चजवळच्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला हाय, तीच आमची घंटा, लोखंडी सळईनं वाजवायची. मी नवी होते, वर्गाच्या दारातूनच मागं फिरायचे. मामा म्हणला, बाई, दारात थांबायचं, सरांचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, काही बोलायचं नाय, नुसती वही वर करायची, अन मान खाली घालायची नाय, आपण काय उसनं मागायला नाय आलो. अन शिपायांच्या खोलीत एक जण माझा कप वेगळा ठेवायचा, खिडकीत. मामानं एक दिवस त्याच कपात चहा ओतला अन प्याला. दुसऱ्या दिवसापासून मामाचा तोच कप. मी त्याला भाऊ मानलं ते तवापासून, अन राखीला हर्सूलला जायची ते अजून जाते, आता कोणाला बांधायची ते सोडा.

पुढं विजेची घंटा आली, तवा रुळाला काम उरलं एकच. शोकसभा. कोणी गेलं की अकरा वाजता मैदानात सगळे जमायचे, प्रिन्सिपल चार शब्द बोलायचे, मंग मामा एक टोला द्यायचा, सगळे माना खाली घालून उभे, दोन मिनिटांनी दुसरा टोला, संपलं. त्या दोन मिनिटांत सगळ्या मैदानात एकाच माणसाची मान वर असायची, मामाची, कारण त्याला घड्याळ बघायचं असायचं. चेअरमनची आई गेली तवा त्यानंच टोला दिला, गणिताचे सर गेले तवाही त्यानंच, अन ज्यांचं तोंड आम्ही कधी बघितलं नाय अशा देणगीदारांचंही त्यानंच केलं. मी एकदा म्हणलं, मामा, तुझी दोन मिनिटं कोण मोजायचं? तर म्हणला, तू हायेस की. हसायवारी नेलं आम्ही.

आता तुम्हाला वाटंल बाई एवढी कावलेली का. अहो, नोटिसा वाचून कावले. ही साडी डे, ही ट्रॅडिशनल डे, हे व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, उपस्थिती अनिवार्य, न आल्यास कारवाई. पाहुणे दोन तास उशिरा येणार अन लेकरं उन्हात बसवणार. मागं स्वच्छता पंधरवडा झाला, मीच नवे झाडू आणले, सगळे सर अन मॅडम ओळीनं उभे, झाडूची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढली नाय, फोटो काढला अन गेले. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या अन नाश्त्याच्या प्लेटा कोणी उचलल्या? मी. कशानं उचलल्या, जुन्याच झाडूनं, कारण नवे कपाटात गेले, पुढच्या वर्षाच्या फोटोला. मी म्हणते, शिकलेल्या माणसाला शरम नसती काय हो? का शिकता शिकता निघून जाती?

तर आता ऐका. गॅदरिंगचा दिवस, सकाळी तास अन बाराला कार्यक्रम. सकाळीच मामाच्या पोराचा ऑफिसात फोन आला, बाबा गेले, पहाटं छातीत दुखलं अन गेले. मी तिथंच होते, टेबल पुसत होते. फडकं हातातच राहिलं माझ्या. मामाला नोकरीचे सात-आठ महिने राहिले होते, आदल्या दिवशी स्टेजच्या खुर्च्या त्यानंच लावल्या होत्या.

आमचा क्लार्क सागर, नवीन पोरगं हाय, वाईट नाय, पण त्याचं काम कसं, कॉम्प्युटरमधली जुनी नोटीस उघडायची, नाव बदलायचं, छापायची. त्यानं चेअरमनच्या आईची नोटीस उघडली. नाव बदललं अन बाकी सगळं तसंच ठेवलं. प्रिन्सिपल पाहुण्याच्या गडबडीत, त्यांनी न वाचता सही ठोकली. अन ती वही घेऊन मी निघाले. डोळ्याला पाणी, अन वर्गात सर वाचायलेत, थोर शिक्षणप्रेमी, दानशूर व्यक्तिमत्त्व, लक्ष्मण अमुक अमुक यांचं दुःखद निधन झालं असून संस्थेची कधीही भरून न निघणारी हानी झालीय, अकरा वाजता शोकसभा, त्यानंतर महाविद्यालयाला सुट्टी, आजचे सर्व कार्यक्रम पुढं ढकलण्यात येत आहेत. मला काय ते दानशूर कळलं नाय असं नाय. कळलं. पण मी गप्प बसले. म्हणलं असू दे, चुकून का होईना, एकदा तरी त्याच्या नावापुढं चांगले शब्द लागले, अन खोटं तरी काय होतं, माझा कप उचलायला त्या दिवशी किती काळीज लागलं असंल त्याला.

सागरनं गुलमंडीकडून हारही मागवला, पांढऱ्या शेवंतीचा, मोठा. मामाच्या ओळखपत्रावरला फोटो मोठा करून टेबलावर ठेवला. मी उदबत्ती आणायला गेले. माझ्या मनाला एक समाधान झालं, खरं सांगते, वाटलं वडील म्हणत होते ते काय अगदीच खोटं नव्हतं.

तेवढ्यात सचिवांचा फोन. संस्थेचे सचिव, सगळे दादासाहेब म्हणतेत त्यांना. त्यांच्या मोबाईलवर नोटीस गेली होती. प्रिन्सिपल उभे राहून बोलत होते फोनवर, व्हय दादासाहेब, नाही दादासाहेब, मला कल्पना नव्हती दादासाहेब. अन तिकडून आवाज एवढा मोठा की मला दारात ऐकू यायला लागला. कोण गेलाय? शिपाई? शिपायासाठी पाहुणे परत पाठवायचे का? मंडपाचे पैसे तुझा बाप देणार का?

सागर कॉम्प्युटरकडं पळाला. पाच मिनिटांत दुसरी नोटीस. आज सकाळची सूचना नजरचुकीनं निघाली असून ती रद्द समजावी, गॅदरिंग ठरल्याप्रमाणं होईल, उपस्थिती अनिवार्य. एवढंच. त्यात मामाचं नावसुद्धा नाय. मी म्हणलं, साहेब, सुट्टी नका देऊ, गॅदरिंग घ्या, पण दोन मिनिटं उभं करा पोरांना. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दोनच मिनिटं. तर प्रिन्सिपल म्हणले, द्वारकाबाई, आनंदाच्या दिवशी वातावरण कशाला खराब करायचं, आपण पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात म्हणे. मेलेला माणूस काय पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो?

अन ती दुसरी नोटीसही मलाच फिरवायला लावली. ज्या वर्गात मघाशी रडत गेले त्याच वर्गात परत. पोरं सुट्टी मिळाली म्हणून दप्तरं भरून बसलेली, ती कावली, ओरडायला लागली. एका वर्गात एक पोरगी उठली, गरीब स्वभावाची, मामा तिला पाणी द्यायचा नेहमी, ती हसून म्हणली, मावशी, सूचना रद्द, म्हणजे मामा जिवंत हायेत ना? बरं झालं बाई. आता मी काय सांगू त्या लेकराला? सर खाली बघायलेत, सही करायलेत. मी म्हणलं, नाय गं बाळा. मामा मेला, नोटीस रद्द झाली.

दुपारी चारला मामाची माती होती हर्सूलला, अंत्यविधी. मी सुट्टी मागितली तर म्हणले, पाहुण्यांचं स्वागत होऊ द्या, तबक कोण धरणार, मंग जा. थांबले. बारा वाजता येणारा पाहुणा दोन वाजता आला. कोण होता म्हणता, कोणी मोठा माणूस होता, जमिनीचा धंदा करणारा, पोरांना शिस्तीवर सांगायला आला होता. स्वागत सुरू झालं, मी तबक घेऊन स्टेजवर गेले, अन वरचा रुमाल काढला तर खाली तोच हार. पांढऱ्या शेवंतीचा, मामाचा. सागरनं माझ्याकडं बघितलं अन हळूच म्हणला, मावशी, वाया कशाला घालवायचा, प्रिन्सिपल सरच म्हणले.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतेत ना, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. त्या माणसाच्या गळ्यात तो हार पडला, टाळ्या वाजल्या, तो हात जोडून हसायला लागला. मी तबक तिथंच टेबलावर ठेवलं अन स्टेजच्या मागून खाली उतरले. ठरवून काही नाय हो, लोक म्हणतेत ठरवून केलं, पण मी नुसती मोकळ्या हवेला आले होते, लिंबाखाली. समोर रूळ. सळई तिथंच खोडाला अडकवलेली, मामानंच अडकवलेली. मी उचलली अन टोला दिला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून दिला.

अन काय झालं सांगू? मंडपातली सगळी पोरं उठून उभी राहिली. पोरांना रूळ काय अन विजेची काय, घंटा म्हणजे सुटलं, त्यांना वाटलं संपला कार्यक्रम. सगळी उभी, एकूण एक. सर अन मॅडमही उठले, का तर पोरं उठली. पाहुणा माईकसमोर तसाच, काय झालं ते कळंना त्याला. मंडपाच्या दारांना तर बांबू आडवे लावलेले, कोणी पळून जाऊ नये म्हणून, मंग कोणाला बाहेर निघता येईना. जाग्यावरच उभी राहिली, अन आजकालचं पोर जाग्यावर उभं राहिलं की काय करतं, मोबाईल काढतं. सगळ्यांच्या माना खाली. मी लांबून बघत होते. एवढा मोठा मंडप, सगळे उभे अन सगळ्यांच्या माना खाली. फक्त माझी वर, पोर्चमधल्या घड्याळाकडं. दोन मिनिटं झाली, मी दुसरा टोला दिला, सळई जागेवर ठेवली अन गेटाबाहेर आले.

रिक्षानं हर्सूल गाठलं. मामाला बाहेर काढलेलं होतं. वहिनी, त्याची बायको, माझ्या गळ्यात पडली. मंग इकडं तिकडं बघितलं अन विचारलं, कॉलेजातून कोणी आलं नाय का बाई? एवढी वर्षं राबला. मी म्हणलं, वहिनी, कॉलेज सुटलं नाय अजून, पण तिथं सगळे उभे राहिले होते, सर, पोरं, सगळे, पाहुणासुद्धा, दोन मिनिटं माना खाली घालून. टोला मी दिला. वहिनीनं पदर तोंडाला लावला अन तिचा जीव थोडा थाऱ्यावर आला. सांगा, खोटं काय बोलले मी त्यात?

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, कार्यक्रमात व्यत्यय आणला म्हणून खुलासा करा. खुलाशात काय लिहायचं ते सागरनं विचारलं, मी म्हणलं, लिही बाबा, घंटा नजरचुकीनं वाजली. तुमच्याकडं चालतं ते. मामाची शोकसभा त्या पुढच्या आठवड्यातही झाली नाय, अन नंतरही नाय. रूळ मात्र काढून नेला, आता लिंबाला नुसती तार लोंबती.

आता मी पण निवृत्तीला आलेय. माझ्या निरोप समारंभाची नोटीस बोर्डात लागली, अन टाचली कोणी, मीच. कष्टाळू, मायाळू, संस्थेचा आधारवड, असं काहीबाही लिहिलंय, कोणाच्या जुन्या नोटिशीतलं हाय कोण जाणे. जाईन, शाल घेईन, नारळ घेईन, थंडीला शाल कामाला येती. ती मघाची पोरगी पास होऊन नोकरीला लागली, रस्त्यात भेटली की पाया पडती, तिचं कल्याण होवो, सगळ्याच लेकरांचं होवो, लेकरं वाईट नसतेत. पण माझ्या पोराला मी सांगून ठेवलंय, मी गेले तर कॉलेजात फोन करायचा नाय. अन कोणाकडून कळलंच त्यांना, तर हार आला तरी दारातून परत लावायचा. कोणाच्या गळ्यातून उतरून आला असंल, काय सांगावं.