नर्सचा सीन

हॅलो?… हां, मावशी बोलतेय… अगं हो, मगाशी मीच केला होता, तू उचलला नाहीस… नाही नाही, आई बरी आहे. पडली-बिडली नाहीये. थिएटरात बसलीये. सिनेमा संपून अर्धा तास झाला, उठतच नाहीये.

तोच गं. फिल्म क्लबवाल्यांना जुनी प्रत सापडली ना… हो, हो, नर्सच्या सीनचा.

काय सांगू तुला… सीनच नाहीये त्यात.

झोप कसली लागतेय? डोळे फाडून बघत होते. डॉक्टर येतो, दार उघडतं आणि एकदम बागेतलं गाणं! तुझी आई माझा हात धरून बसली होती. ‘आता बघ हं, आता मी येते…’ गाणं अर्ध्यावर आलं, तेव्हा सोडला हात.

मीही तेच म्हटलं, रीळ हरवलं असेल. पण क्लबचे सेक्रेटरी भलते प्रामाणिक. ‘नाही बाई, प्रत पूर्ण आहे, सेन्सॉरच्या कागदांशी ताडून पाहिलीये.’ त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

सोने, ऐक ना… मला माहीत होतं… काय म्हणजे? सीन कापलाय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ओरडू नकोस गं… तेव्हा ती दवाखान्यात, तू दोन दिवसांची. मी एकटीच गेले बघायला. सीन नाही म्हटल्यावर तशीच एडिटरकडे धावले. तो म्हणाला, रिलीजच्या आधी ट्रायल शोला लोक हसले. मूल गेल्याचं ती बापाला सांगतेय, आणि लोक ‘चाबूक कुठाय, चाबूक?’ म्हणून शिट्ट्या मारतायत. कंपनीच्या मालकाने तिथल्या तिथे कापायला लावला.

आता हे बाळंतिणीला जाऊन कसं सांगायचं? तिने विचारलं, ‘कसा झाला?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बायका रडत होत्या गं ताई.’ आठवड्यात सिनेमा उतरला. वाटलं, मिटला विषय.

कुठला मिटतोय! बावीस सिनेमे केले होते तिने. चाबूकवाली जंगलची राणी, डाकूची बायको, हडळ… तो बिबट्याच्या ठिपक्यांचा झगा मीच शिवायचे, पुरळ उठायचं तिच्या अंगावर. पण काम होतं! त्यानंतर तीन निर्माते घरी आले. तिघांनाही परत पाठवलं. ‘आता मी तसली कामं करत नाही.’ आणि मी शेजारी उभी, हातात चहाचा ट्रे… नाही झाली हिंमत. दोन वर्षं चांगल्या रोलची वाट बघत फोनजवळ बसली. तोवर चाबूक दुसऱ्या मुलीच्या हातात गेला, आणि ही कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली…

हो, माझ्यामुळेच. बोल, काय बोलायचं ते बोल…

मला? मला काही नाही म्हणाली. एकदाच वळून बघितलं. ‘तू गेली होतीस ना बघायला?’ बस, एवढंच. मी मान हलवली. काय करणार?

तू बोल ना तिच्याशी… काय बोलू म्हणजे? मला सुचलं असतं तर तुला कशाला… पाचला दुसरा शो आहे, झाडूवाली दोनदा डोकावून गेली…

थांब, थांब. आली बाहेर. ताई! अगं, सोनीचा फोन आहे, बोलतेस?… नाही बोलत. नुसतीच पुढे गेली… अगं, जिन्याकडे निघाली! ताई, हात दे… नाही गं, झिडकारला. घोड्यावरून पडल्यापासून उजवा गुडघा वाकत नाही तिचा, माझ्या हाताशिवाय पायरी उतरली नाही कधी… कठडा धरून आडवी आडवी उतरतेय…

हळू, ताई!… नाही, थांबत नाहीये… अगं, मी काय करू?… मागोमाग जाते. दोन पायऱ्या सोडून जाते… ठेवते.