टाकीवरच्या दिव्याचा पत्रा

मी खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, धंदा शिवणकाम, राहणार दूध डेअरीमागची इमारत, दुसरा मजला. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी तिथे पती व सासरे यांच्यासह राहत होते. पती कामानिमित्त बाहेरगावी असून त्यांना फोनवर कळवले आहे. ते निघाले आहेत.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या साफ करणे हा त्यांचा धंदा होता. टाकीवरच्या दिव्यामागे चकाकता पत्रा असतो. पाण्याची वाफ बसून त्यावर पांढरट थर धरतो आणि उजेड मंद होतो. तो पत्रा काढून, व्हिनेगरने पुसून, चरा न पाडता परत बसवण्यात नानांचा हात धरणारे कोणी नव्हते. रस्त्यात कोणी गमतीने "मासळी ताजी आहे का?" विचारले, तर "ताजी आहे, पण तिला मीच खाऊ घालतो," म्हणायचे.

अलीकडे त्यांना विसर पडू लागला. मला कधी सूनबाई म्हणत, कधी आपली बहीण समजत. काम मात्र आठवे. सकाळी उठून "डॉक्टरांकडे जायचंय, पत्रा पांढरा पडलाय," म्हणत. मी सांगे, "आज त्यांच्याकडे सुट्टी आहे, नाना." मग ते बसत. ते डॉक्टर नानांचे जुने गिऱ्हाईक; ते घर सोडून गेले, त्याला बरीच वर्षे झाली.

काल दुपारी नाना झोपले होते म्हणून बाहेरून कडी लावून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. नाना आतून हाका मारू लागले, तेव्हा शेजारच्या काकूंनी कडी काढली. त्यांचा काही दोष नाही. मी खाली आले तर नाना नव्हते. मोरीतली बादली आणि व्हिनेगरची बाटली जागेवर नव्हती. ते कामावर गेले हे मला कळले. मी डॉक्टरांच्या जुन्या घराकडे धावले. तिथे ॲम्ब्युलन्स उभी होती.

त्या घरात आता एक नर्सबाई भाड्याने राहतात. पुढची हकीकत त्यांनी मला इस्पितळात सांगितली ती अशी. त्या न्हाणीघरात होत्या. दार नुसते लोटलेले होते. पूर्वी जिथे टाकी होती, त्या भिंतीशी आता बाळाची कॉट आहे आणि वर ट्यूबलाइट. त्या बाहेर आल्या तेव्हा एक अनोळखी म्हातारा खुर्चीवर चढून कॉटवर वाकला होता. तो त्यांना म्हणाला, "बाई, आधी दिवा बंद करा." त्यांनी बाळाच्या काळजीने त्याला ढकलले. तो खाली पडला आणि खिडकीच्या कट्ट्याची कड त्याच्या डोक्याला लागली. जखम दाबून धरली तीही त्यांनीच, ॲम्ब्युलन्सही त्यांनीच बोलावली. बाळाला काही इजा नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये मी नानांजवळ होते. ते शुद्धीवर होते. "पत्रा नीट बसला का?" असे त्यांनी विचारले. मी "बसला," म्हणाले. इस्पितळात पोचल्यावर थोड्या वेळाने ते गेले.

बाहेर बाकावर नर्सबाई बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या बाहीला रक्त होते. त्या म्हणाल्या, "ताई, मी नुसतं कोण तुम्ही असं तरी विचारायला हवं होतं." मी म्हणाले, "विचारलं असतंत तरी त्यांना सांगता आलं नसतं." नंतर त्यांना पाणी प्यायचे होते म्हणून बाळ थोडा वेळ मी घेतले.

गल्लीत काही लोक नाना चोरी करायला किंवा मूल पळवायला गेले होते असे बोलत आहेत. ते खोटे आहे. त्यांच्याजवळ बादली, बाटली व फडके होते. माझी नर्सबाईंविरुद्ध अगर कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी नाना त्या घरात 'घुसले' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'गेले' असे केले. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.