पालकांसोबतच यायचं

मुलांच्या सुरक्षेच्या नियमांचं कौतुक माझ्यासमोर नका करू. मी दहावीत होते तेव्हा आजच्यासारखी बोलायचे नाही, चांगलीच अडखळायचे. घरी माझं वाक्य आई पूर्ण करायची, शाळेत बाई. आगाशीहून बस पकडून विरारच्या सायबर कॅफेत जायचे, कारण इंटरनेटवर मला अडखळणाऱ्या मुलांचा एक गट सापडला होता. तिथे सगळं लिहूनच बोलायचं. कितीही वेळ लागो, मधे कोणी तोंड घालायचं नाही.

मग नियम आला, अठराच्या आतल्यांनी पालकांसोबतच यायचं. कॅफेवाले पाटीलकाका म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी आहे गं."

आईला घेऊन गेले. ती खुर्ची ओढून अगदी खेटून बसली. मी लिहायला घेतलं, 'आज वर्गात धडा वाचताना अडकले आणि सगळे...'

"हसले, हे परक्यांना कशाला सांगतेस?" आई म्हणाली. "सगळ्यांनी सांभाळून घेतलं, असं लिही."

लिहिलं. काय करणार? माझं वाक्य मीच संपवायचे अशी जगात एकच जागा होती, तीही गेली.

निघताना काकांनी हसत विचारलं, "काय, आता सुरक्षित वाटतं ना?"

मला विचारायचं होतं, कशापासून? पण पहिल्याच अक्षराला अडकले, "क... क..."

"काळजी मिटली म्हणतेय," आईने सांगून टाकलं.