पहिल्या दिवसाच्या पुढे

हॅलो?… कोण?… अहो थांबा, चष्मा नाही डोळ्यांवर, नाव दिसलं नाही. कोण म्हणालात?

मितिनी?

अहो, तुम्ही!… हो, हो, ऐकू येतंय. माझं ऐकू येतंय का? इथे धाम्पुसला या पिंपळाच्या पारावरच काय ती रेंज येते. तिथेच बसलेय… नाही, हलत नाही जागची. बोला ना.

काय?… लायटर?… गॅसचा लायटर?

सकाळी आठला पायथ्यावरून टॅक्सीत बसून माझ्या घरी परत गेलात, दिवसभर माझा एक फोन उचलला नाहीत, आणि आता चार वाजता विचारताय, लायटर कुठे आहे?… बरं, बरं, नाही हसत. फ्रीजवर बघा, औषधांच्या टोपलीत… नाही? मग खिडकीत, तुळशीच्या मागे… सापडला ना? घ्या. आणि डब्यात सेलरोट्या आहेत तिहारच्या सणाच्या, गरम करून खा दोन. तशाच उपाशी…

ठेवू नका! मितिनी, ठेवू नका हो फोन. जरा ऐका ना माझं…

चूक माझी आहे. म्हणते ना, माझीच… हो, न विचारता. तुमची बॅग टॅक्सीतून उतरली काय आणि मी ती त्या हमालाच्या पाठीवर दिली काय… हो, चारचौघांत… हो, 'आजीबाईंचं सामान आहे, जपून ने' असंही म्हणाले. गमतीत म्हणाले हो!… नाही वाटली गंमत. कळलं. एक शब्द न बोलता त्याच्या पाठीवरून बॅग उतरवून घेतलीत ना, तेव्हाच कळलं मला.

पण भांडायचं तरी होतंत! दोन शब्द सुनवायचे… ते आलंच म्हणा. नऊ वर्षांच्या होतो आपण. दोन्ही घरच्यांनी समोरासमोर बसवलं, टिळे लावले, हार घालायला लावले, माझा फ्रॉक तुम्हाला, तुमचा मला. झाली मितेरी, जन्माचं बहिणीचं नातं! तेव्हापासून एकमेकींना फक्त मितिनी, नावाने हाक नाही, अगं-तुगं नाही. पन्नास वर्षं होत आली, धड भांडता येत नाही आपल्याला. सावित्राचं बरं आहे. सकाळपासून सात वेळा मला गाढव म्हणालीय.

काय गं?… हो, तिचाच फोन!… थांब, बोलू दे मला आधी… मितिनी, सावित्रा ओरडतेय तिकडून. म्हणतेय, धनमायाला सांग, या हरिकलाबरोबर एकटीने चार दिवस काढायचे असतील तर मी इथूनच चितवनला परत जाते.

हसलात!… हसलात, ऐकलं मी.

पायऱ्या?… आहेत की, आपल्या तरुणपणच्या सफरीतल्या त्याच आहेत. जीपचा रस्ता आलाय आता वरपर्यंत, पण आम्ही पायऱ्यांनीच आलो. दर पन्नास पायऱ्यांना बसलो… नाचणीची शेतं पण आहेत दोन्ही बाजूंना, कणसं तयार झालीत. आणि तो दगडी नळ हो, जिथे उकडलेले बटाटे खाल्ले होते, तिमूर घातलेल्या मिठाशी. ओठ झिणझिणले होते तिघींचे. सावित्रा म्हणे, तो नळ हाच. मी म्हटलं, छे, आपला आणखी वर होता… बघा! तुम्हीही वरच म्हणताय. सांगते तिला. सावित्रा! वरचाच!

आठवतं ना सगळं? तीन मुली आणि दोन जोड बूट… हो, आळीपाळीने. अनवाणी जिची पाळी असेल तिने फक्त कुरकुर करायची. आणि या सावित्राबाईने प्रेशर कुकर आणला होता डोंगरात… आज? आज हवा भरायची उशी आणलीय. फुंकता फुंकता पायऱ्यांपेक्षा जास्त दम लागला तिला.

पण तो कुकर कोणी वाहिला?… तेच म्हणतेय मी. तुम्ही. सगळ्यात जड टोपली तुमची, कपाळाला पट्टा, आणि सगळ्यात पुढे तुम्हीच, वर गाणं चालूच. मी मागून तुमच्या टाचा बघत चालायचे. अजून दिसतात मला त्या टाचा… नाही, वेड नाही लागलेलं. आज दिवसभर हेच झालं. समोर कोणी नव्हतं ना चालायला.

आणि मी काय दिवे लावले? पहिल्याच संध्याकाळी, या पारापासून वीस पावलांवर, तुमचा दोघींचा फोटो काढायला मागे मागे सरकत गेले… हो, दादाचा कॅमेरा. कॅमेऱ्याला ओरखडा नाही, माझा पाय मोडला!

शेजारच्या घरातून टोपली मागून आणलीत. पाय सोडायला एका बाजूने विळ्याने कापलीत, मला आत बसवलंत आणि उचललंत. तेव्हा खाली सडक तरी होती का? थेट पोखऱ्याच्या दवाखान्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मी आपली दर वळणावर विचारतेय, दम लागला का, उतरवता का. तर म्हणालात, बोलू नका, बोललं की वजन वाढतं…

हो, म्हणाला होतात! मी विसरेन का?

म्हणूनच तर लाज वाटतेय मला. ज्या बाईने मला दिवसभर पाठीवर वाहिलं, तिच्याच पाठीवरची बॅग मी… हो. हो, मितिनी.

कोणी सांगितलं म्हणजे?… कोणी नाही, मला आपलं वाटलं की वय झालं… नाही… बरं, खोटं नाही बोलत. सरीनाने. गेल्या आठवड्यात इंग्लंडहून फोन केला होता तुमच्या लेकीने. मार्चमध्ये हृदयात स्टेंट घातलाय म्हणाली. म्हणाली, मितआमा, आईला ओझं उचलू देऊ नकोस, आणि मी सांगितलं हेही सांगू नकोस…

तिच्यावर नका चिडू हो, पोरगी घाबरलीय… आणि तुमचं काय? आठ महिने! आठ महिने मला कळू दिलं नाहीत. तिकडून आल्यापासून माझ्या शेजारी झोपताय, माझ्याशी पहाटेपर्यंत गप्पा मारताय, आणि हे नाही सांगता आलं?… म्हणजे माझ्याकडे कीव करून बघू नये म्हणून. बरं. आणि मी नेमकं तेच केलं.

डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांगा आता… चाला म्हणाले. आणि चढ?… सावकाश. ओझं?… पाच किलो चालेल म्हणाले? शपथ?… माझी नको, सरीनाची घ्या… बरं. मग सकाळी बॅग किती होती?… आठ! काय भरलंय काय त्यात?… लोणचं? अहो, मुळ्याचं लोणचं डोंगरात नेतं का कोणी बरणीसकट!… सावित्राला आवडतं म्हणून. माहितेय हो.

एक सांगू? खरं सांगू का?

मी घाबरले ती तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. आई गेली तेव्हा तुम्ही इंग्लंडमधली नोकरी टाकून आलात. माझ्या शेजारी चटईवर बसलात, अळणी जेवलात, सुतक पाळलंत सख्ख्या मुलीसारखं. मला ना भाऊ ना बहीण, ना मूलबाळ. उद्या मी गेले तर माझं सुतक धरणारं एकच माणूस आहे या जगात. त्या माणसाला काही झालं तर मी कोणाची?… स्वार्थ आहे हा सगळा. आणि सकाळी मी तो प्रेम म्हणून मिरवत होते, त्या हमालासमोर.

हॅलो?… मितिनी?… रेंज गेली की काय?

आहात. रडताय का?… मग नाक कशाला ओढताय?… कांदा? मघापर्यंत लायटर सापडत नव्हता, कांदा कधी चिरलात!

या ना उद्या. या हो. अडतीस वर्षं झाली, आपली सफर पहिल्या दिवसाच्या पुढे काही गेली नाही. तेव्हा माझ्या पायामुळे, आज माझ्या तोंडामुळे. या गावाच्या पलीकडे वाट कुठे वळते तेसुद्धा पाहिलेलं नाही आपण. सावित्राही थांबते म्हणालीय. आम्ही नाही जात पुढे तुमच्याशिवाय.

पायऱ्यांनीच?… जीप नाही. बरं… बॅग तुमची तुम्ही. बरं, पण लोणचं काढा… अर्धं काढा मग! स्वयंपाकघरात काटा आहे, वजन करा. पाचच्या वर एक काकडीसुद्धा नको. मी पायथ्याशी येते तुम्हाला घ्यायला… येणार. हात लावणार नाही बॅगेला. मागून चालेन. तुम्ही पुढे.

काय?… सरीनाला नाही सांगायचं?

नाही मितिनी. हे नाही व्हायचं माझ्याकडून… अहो ऐका तरी. तिच्यासाठी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, तर सकाळी हे रामायण झालं. आता तुमच्यासाठी तिच्यापासून लपवू?… ती रोज फोन करणार आहे मला, शब्द दिलाय मी… चिडेल. चिडू दे. माझ्यावर चिडेल… मग येणार ना तरी?… मितिनी, येणार ना?

मान नका हलवू, फोनवर दिसत नाही मला!

…बरं. बरं बाई. सातला, पायथ्याशी.

थांबा, मध्ये दुसरा फोन येतोय… तिचाच आहे. ठेवते हं मी. सातला. गोळी घ्या रात्रीची. ठेवते.

हॅलो, सरीना?… हो बाळ, मितआमाच… नाही, आई नाहीये इथे. पोखऱ्याला घरी आहे… बरी आहे गं, काही झालं नाही. रागावून गेली… माझ्यावर. तू सांगितलंस तसं केलं ना मी, म्हणून.

उद्या येतेय ती. पायऱ्यांनी… हो, बॅग तिच्याच पाठीवर. पाच किलो… डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच… कळलंय तिला, हो, मीच सांगितलं सगळं… ओरड. ओरडून घे, मी ऐकतेय.

…झालं?

आता मला एक सांग. तू इथे असतीस, तर तिच्या पाठीवरची बॅग काढून घ्यायची हिंमत झाली असती तुझी?… नाही ना? म्हणून मला पुढे केलंस होय गं! हसू नकोस… नाही, रडूही नकोस. मलाही वाटते भीती, बाळ. खूप वाटते.

ऐक. उद्या संध्याकाळी मला फोन करू नकोस. तिला कर… हो, थेट तिला. काय विचारायचं ते तिलाच विचार. मी बसलेली असेन शेजारी.