येते म्हणून गेलेली

दाताच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या पोरीचा फोन चौथ्यांदा वाजला आणि तिने तो चौथ्यांदा पर्सखाली दाबला, तेव्हा सासूबाईंनी सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला सांगितलं, "काय बाई वागणं! तिकडे कुणीतरी जीव तोडून हाक मारतंय, आणि ही आपली ढिम्म!"

"अहो आई, हळू."

पोरीचा भाऊही तिला तेच विनवत होता.

"ताई, उचल गं. अनाथाश्रमातली ती छोटीच असणार."

"उचलून काय सांगू? वर्षभर तुमच्या देशात सेवा करायला आले होते, वर्ष संपलं, असं? सहा वर्षांची आहे रे ती."

"निघताना नाही सांगितलंस?"

"तिला आपली भाषा मीच शिकवली ना, हौसेने. आणि निघताना सवयीने तोंडातून गेलं, 'येते गं.'"

"मग?"

"मग काय! रोज फाटकाशी बसते म्हणे. तिथल्या बाई जेवायला उठवतात, तर म्हणते, ती येते म्हणालीय."

"थोडे दिवस जाऊन ये."

"आणि पुन्हा निघताना काय म्हणू?"

फोन पाचव्यांदा वाजला, थांबला. मग वाजलाच नाही.

सासूबाईंचा नंबर आला. 'जाते म्हणू नये, येते म्हणावं,' असं तीन सुनांना आयुष्यभर दटावलेल्या त्या बाई पोरीसमोर उभ्या राहिल्या.

"पोरी, देवाने तिला पोरकं केलं ते सरळ तोंडावर. तू केलंस ते 'येते' म्हणून."