सरांच्या खिशातले तीन फ्यूज

सरांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकू, तुम्हाला विशेष.

आजच्या बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नाही. मीच चिठ्ठी पाठवून वेळ मागितला. बोलल्याशिवाय बसणार नाही. आज बसलो तर पुन्हा उठायची हिंमत व्हायची नाही.

मी बोडके. गांगुर्डे सरांचा अकरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. हो, तेच. सर जिथे गेले ते.

मघाशी बाहेर चपला काढताना दोघं कुजबुजत होते. "जन्मभर वीज शिकवली आणि स्वतःच विसरला." मित्रहो, हे खोटं आहे. साफ खोटं आहे. सर काहीच विसरले नव्हते.

पुढे बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनो, परवा सोमवारी तुमचा सर्किट अ‍ॅनालिसिसचा पहिला तास होता. तो झाला नाही. तो मी सांगतो. तुमचा तेवढा हक्क आहे.

सर वर्गात यायचे ते एक लाकडी पाट घेऊन. पाटावर दोन स्क्रू, मध्ये तांब्याची केसाएवढी तार. विषयाचं नाव नाही, काही नाही. सरळ बटण दाबायचे. धाड! बार उडाल्यासारखा आवाज. जाळ, धूर, पाटावर काळा डाग. आमच्यातला एक बाकाखाली शिरला होता. आणि त्या धुरात सर ओरडायचे, "ही नुसती तार होती! उद्या इथं तुमचा हात असेल! शिकायला आलात की मरायला?" एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली नोकरी सोडून आलेला माणूस. तिथे त्यांनी सोबत्याला जळताना पाहिलं होतं. उगाच नव्हते ओरडत.

मग सर्किट काढायचे आणि विचारायचे, "सोर्स किती? वीज कुठून कुठून येते? आधी सगळे मोजा. मग एकेक घ्या, तो एकटा काय करतो ते बघा, शेवटी बेरीज करा. एक सुटला तर सगळं चुकलं."

मी शहाणपणा केला. "सर, या बॅटरीचा स्विच बंद आहे. ती कशाला मोजायची?"

डस्टर आला तो थेट कपाळावर. हा वण त्याचाच. "बंद असला तरी सोर्सच, बोडके! कोणीतरी चालू करेल की!"

काकू, मला हे पाठ होतं. अकरा वर्षं पाठ होतं.

गेल्या शनिवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी, मी सरांना बोलावलं. प्रेसची मोटर धडपणे चालत नव्हती. सर सायकलवर आले. मेन बंद केला, पॅनलचे तिन्ही फ्यूज उपसले आणि शर्टाच्या खिशात टाकले. कोणी परत लावू नये म्हणून. टेस्ट लँप लावून बघितला. पॅनल मेलेलं होतं. आत हात घालण्याआधी मला विचारलं, "बोडके, सोर्स किती?"

मी म्हणालो, "एकच, सर."

एक नव्हता. वीजकपातीला कंटाळून मी जुना जनरेटर आणला होता. मध्ये चेंजओव्हर स्विच लावायला हवा होता, एका वेळी एकच वीज आत सोडणारा. मी आळस केला. वायरी फ्यूजच्या पुढे, सरळ पॅनलच्या पट्ट्यांवर आवळल्या. जनरेटर महिनाभर बंद होता. त्याच दिवशी तो दुरुस्त करायला सिन्नरहून मेकॅनिक आला होता, शेडमागे खटपट करत होता. माझ्या लेखी ते भंगार होतं. मी तो मोजलाच नाही.

मेकॅनिकनं हाक दिली, "झालं बगा शेठ. फिरवू का हँडल?"

मी म्हणालो, "फिरव."

सर किंचाळले नाहीत. किंचाळताच आलं नाही. दात आवळलेले, बोटं पट्टीला घट्ट, सगळं अंग धाडधाड पॅनलवर आपटत होतं. मांस जळल्याचा वास आला. आणि मी, त्यांचा विद्यार्थी, कुठे धावलो माहितीय? मेनकडे! आधीच बंद असलेल्या मेनकडे! तो दांडा मी ओढतोय, पुन्हा ओढतोय, शिव्या घालतोय. मागे जनरेटर धडधडतोय, कानात शिरतोय, तरी मला कळत नाही. मेकॅनिकनंच तो बंद केला. तोवर सर फरशीवर पडले होते.

त्या मेकॅनिकला कोणी बोल लावू नका. त्याला पॅनलचं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पोलिसांना मी लिहून दिलं, कसं झालं कळलं नाही. ते खोटं आहे. इथून उठून मी चौकीत जाणार आहे, खरं लिहून द्यायला. काकू, माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त हे घ्या. तीन फ्यूज. त्यांच्या खिशातून मी काढून घेतले होते, कोणी विचारू नये म्हणून. ज्याला सर चुकले असं वाटतं त्याला हे दाखवा.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं. माना खाली. मुलांनो, या शांततेत तुम्ही जिथे जिथे हात घालता तिथले सोर्स मोजा. बंद पडलेलेसुद्धा मोजा.

मी माझ्या वर्कशॉपचे मोजतो.

दोन, सर. दोन.